मंजुळेचं गाव

सातवीत असताना शाळेच्या स्वगत स्पर्धेत मी मंजुळा केली होती. डोंबिवलीत शाळेत गेलेल्या आणि स्टेजवर उभं राहायची हौस असलेल्या निम्म्या मुलींनी ती कधी ना कधी केलेली असते. परकर-पोलकं, हातात परडी, कमरेवर हात आणि प्रोफेसरवर काढलेला तो सगळा राग. पहिला नंबर आला. परीक्षक बाईंनी नंतर जवळ बोलावून विचारलं, "गावाकडची भाषा किती छान पकडलीस गं! कुठून शिकलीस?"

मी गप्प राहिले. आमचं घर भोपरचं, आगरी. माझी आजी गाडीला गारी म्हणते, डोळ्याला डोला म्हणते, मला या शब्दाला मना म्हणते. म्हणजे बाईंच्या लेखी 'गावाकडची भाषा' माझ्या घरातच होती. पण स्पर्धेत मी ती बोललेच नव्हते. मी यूट्यूबवर भक्ती बर्वेंची मंजुळा पंचवीस-तीस वेळा ऐकून तिची भाषा पाठ केली होती. घरची अशुद्ध भाषा बाजूला ठेवून मी नाटकातली अशुद्ध भाषा शिकले होते आणि त्याबद्दल मला बक्षीस मिळालं होतं. तेव्हा हे कळायचं वय नव्हतं. आता मात्र 'ती फुलराणी' वाचताना दर वेळी एकच प्रश्न पडतो. मंजुळा नेमकी कुठली?

हा प्रश्न पुलंना विचारायला हवा, कारण या नाटकाचं रूपांतरही त्यांचं आणि दिग्दर्शनही त्यांचंच. पु. ल. देशपांडे म्हटलं की आपल्यापुढे बटाट्याची चाळ येते, 'व्यक्ती आणि वल्ली' येतं, रविवारी सकाळी शेजारच्या घरातून ऐकू येणारी कॅसेट येते. डोंबिवलीच्या ज्या सोसायटीत मी वाढले तिथे पुलं हे जवळजवळ कुलदैवत होतं. पण गोगोल, शॉ, ब्रेख्त, सोफोक्लीस यांना मराठी रंगमंचावर आणणारा नाटकवाला माणूस म्हणून त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. विनोदी लेखक या पाटीमागे त्यांच्या आयुष्याचा हा मोठा भाग झाकला गेलाय.

चरित्र बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जन्म १९१९ चा, मुंबईचा. बालपण पार्ल्यात. पुढे पुण्याचं फर्ग्युसन, सांगलीचं विलिंग्डन, मग मास्तरकी, सिनेमा, आकाशवाणी. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका असं सगळं त्यांनी एकट्याने केलं. पन्नाशीला आल्यावर शांतिनिकेतनात जाऊन ते बंगाली शिकले. २००० साली ते गेले. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कायम होती, ती म्हणजे कान. पेटी वाजवणारा, नकला करणारा, रेडिओत काम केलेला हा माणूस भाषा आधी ऐकायचा आणि मग लिहायचा. परकं नाटक मराठीत आणताना त्यांचा खरा भरवसा डिक्शनरीवर नव्हता, कानावर होता.

जो स्वतः नाटक बसवतो त्याचं भाषांतर वेगळंच असतं. तेहरानमध्ये हमीद समंदरियान नावाचे दिग्दर्शक होते. ते जर्मनीत शिकले आणि परत येऊन ड्युरेनमाटची नाटकं स्वतः फारसीत आणून स्वतःच बसवू लागले. इराणी रंगभूमीच्या कित्येक नटांना त्यांनी घडवलं. असा माणूस वाक्य लिहितो तेव्हा ते कोण म्हणणार, उभं राहून म्हणणार की पाठमोरं, पुढच्या वाक्याआधी श्वास कुठे घेणार, हे त्याला दिसत असतं. कागदावर अचूक असलेलं वाक्य नटाच्या तोंडात अडलं तर तो तिथल्या तिथे बदलतो. पुलं याच जातकुळीतले. फरक इतकाच की त्यांची ओढ भाषांतरापेक्षा रूपांतराकडे होती. नाटक मराठीत आणायचं म्हणजे त्याला मराठी घर शोधून द्यायचं, अशी त्यांची पद्धत.

ही पद्धत जिथे उत्तम जमली ते नाटक म्हणजे १९५८ चं 'सुंदर मी होणार'. मूळ नाटक रुडॉल्फ बेसियरचं, १९३० मधलं. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात कवयित्री एलिझाबेथ बॅरेट आजारपणात खोलीत पडून आहे. बापाने मुलांना लग्नाची बंदी घातली आहे आणि त्याचा शब्द म्हणजे कायदा. असा बाप मराठीत कुठे सापडणार? पुण्या-मुंबईचा कर्मठ मध्यमवर्गीय बाप उभा करता आला असता. पण मुलं त्याला एवढी का घाबरतात, हे मग पटवून द्यावं लागलं असतं. पुलंनी संस्थानिक निवडला, तोही संस्थान विलीन झालेला. राज्य गेलं, फौज गेली, मुजरे गेले. हुकूम सोडायला आता उरली ती फक्त पोटची पोरं. स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी हे नाटक येतं, त्यामुळे व्हिक्टोरियन बापाच्या जागी आलेला हा महाराज नुसता जुलमी वाटत नाही, तो हरलेलाही वाटतो. अपंग दीदीराजेची सुटका ही एका मुलीची सुटका राहते आणि एका काळाचीही होते. बेसियरच्या नाटकात हे नाही. रूपांतर मुळापेक्षा जास्त काही बोलू शकतं याचं मराठीत याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्याआधी १९५२ मध्ये गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल'वरून त्यांनी 'अंमलदार' केलं होतं. ते सोपं काम होतं असं मी म्हणेन. रशियातल्या आडगावात वरून येणाऱ्या साहेबाची जी धास्ती असते, ती आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आता 'ती फुलराणी'. शॉचं 'पिग्मॅलियन' १९१३ मध्ये व्हिएन्नात जर्मनमधून आधी झालं आणि १९१४ मध्ये लंडनला आलं. त्यावरचं 'माय फेअर लेडी' सगळ्यांना माहीत आहे. आपल्या शेजारी, गुजरातीत, मधू राय यांनी त्याचं 'संतू रंगीली' केलं आणि सरिता जोशींनी ते गाजवलं. पुलंनी बालकवींच्या कवितेचं नाव उचललं आणि फुलं विकणाऱ्या पोरीला फुलराणी केलं. २९ जानेवारी १९७५ ला पहिला प्रयोग झाला. भक्ती बर्वे मंजुळा आणि सतीश दुभाषी प्रोफेसर अशोक जहागीरदार. त्या प्रयोगाबद्दल आमच्या आधीच्या पिढीतली माणसं अजून डोळे मिटून बोलतात. मला उपलब्ध आहेत ती ध्वनिमुद्रणं आणि काही चित्रफिती. तेवढ्यावरूनही कळतं की ही भाषा बर्वेबाईंच्या गळ्यासाठी बेतलेली आहे. वाक्यं कुठे तुटतात, कुठे एका दमात येतात, रागातून रडं कुठे डोकावतं आणि पुन्हा राग होऊन बाहेर पडतं, हे टेबलावर बसून साधत नाही. ते तालमीत सापडतं. २००१ मध्ये भक्ती बर्वे एक्स्प्रेस-वेवरच्या अपघातात गेल्या. त्यांच्यानंतर अनेकींनी मंजुळा केली, चांगली केली, पण प्रत्येकीला त्यांच्या लयीशी एक तर जुळवून घ्यावं लागलं किंवा झगडावं लागलं. दिग्दर्शक आणि रूपांतरकार एकच असला की असं होतं. संहितेत पहिल्या नटीचा आवाज मुरून राहतो.

इथवर माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

शॉचा प्रोफेसर हिगिन्स पहिल्या अंकात काय करतो ते आठवा. पावसात आडोशाला उभी असलेली माणसं बोलतात आणि तो प्रत्येकाचा पत्ता सांगतो. लंडनमधली वस्ती, जवळजवळ गल्ली सांगतो. एलायझा तोंड उघडते आणि तो तिला सांगतो की तू लिसन ग्रोव्हची. म्हणजे एलायझाच्या अशुद्ध बोलण्याला पत्ता आहे. प्रेक्षागृहात बसलेल्या लंडनच्या माणसाला तो भाग माहीत आहे, तिथलं भाडं माहीत आहे, तिथला वास माहीत आहे. इंग्रज माणसाने तोंड उघडलं की दुसरा इंग्रज त्याची किंमत करून मोकळा होतो, अशा अर्थाचं शॉने प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. त्याचा हल्ला या किंमत करण्यावर होता.

मंजुळेचं बोलणं घेऊन हाच खेळ आपण खेळून बघू. 'ण'चा 'न' होतो, 'श'चा 'स' होतो, क्रियापदं जरा रांगडी होतात. पण हे कुठलं? मालवणी नाही, वऱ्हाडी नाही, अहिराणी नाही. कोल्हापूरचं म्हणावं तर तिथला ठसका नाही. आगरी-कोळी तर नाहीच, कारण आमच्यात 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल' होतो, विचाराचा इचार होतो, आणि यातलं काही तिच्यात सापडत नाही. ही रंगमंचाची गावठी भाषा आहे. तमाशापट आणि वगनाट्यांतून दादर-परळच्या प्रेक्षकाच्या कानावर पडून पडून तयार झालेली. कुठलाही मराठी माणूस ती 'गावाकडची' म्हणून ओळखतो, पण कुठल्याही गावात ती बोलत नाहीत. माणसाच्या बोलण्यावरून त्याचं गाव ओळखणं हा ज्या प्रोफेसरचा धंदा, त्याच्या पुढ्यात लेखकाने अशी मुलगी उभी केली आहे की तिचं गाव ओळखताच येऊ नये.

मला यात पुलंची चलाखी दिसते आणि भीतीही दिसते. चलाखी अशी की मंजुळा कुठलीच नाही म्हणून ती सगळ्यांची झाली. नागपूरच्या मुलीने केली तरी चालते, कणकवलीच्या मुलीने केली तरी चालते, डोंबिवलीच्या सातवीतल्या मुलीलाही चालते. भीती कशाची, ते आडनावांवरून कळतं. एकीकडे जहागीरदार, दुसरीकडे साळुंके. नावातच सत्ता असलेला एक, आणि दुसरी गरीब असली तरी जिच्या आडनावाने सभागृहात कुणी चुळबुळ करणार नाही अशी. इंग्लंडात भाषेवरून वर्ग कळतो. मराठीत भाषेवरून आधी जात कळते, मग जिल्हा, आणि शेवटी पैसा. 'तुझी भाषा सुधार' या वाक्याचा आपल्याकडे जो अर्थ होतो तो शॉच्या नाटकातल्यापेक्षा बराच जुना आणि बराच कडू आहे. १९७५ साल म्हणजे दलित पँथरची स्थापना होऊन तीन वर्षं झालेली. दया पवार, नामदेव ढसाळ लिहीत होते. प्रमाण भाषेच्या छातीवर बसून लिहीत होते. त्याच शहरात, त्याच वर्षांत, भाषा आणि अपमान या विषयावरचं मराठीतलं सर्वांत लोकप्रिय नाटक येतं आणि त्यात जातीचा प्रश्न कुठेच धडकत नाही. पुलंचा कान एवढा तिखट, त्यांना हे ऐकू आलं नसेल असं मी मानत नाही. त्यांनी ते ऐकलं आणि खिडकी लावून घेतली, असं मला वाटतं.

इथे दिग्दर्शक आणि रूपांतरकार एकच असण्याचा तोटा दिसतो. लंडनच्या पहिल्या प्रयोगात हिगिन्स झालेल्या बीरबोम ट्रीने शेवटी एलायझाकडे फुलं फेकून प्रेमकथा सुचवली, तेव्हा शॉ त्याच्यावर उखडला होता. नंतर एक लांबलचक टिपण जोडून त्याने एलायझाचं लग्न फ्रेडीशी झाल्याचं जाहीर करून टाकलं. लेखक आणि रंगमंच यांच्यातल्या या भांडणातून 'पिग्मॅलियन'ला धार राहिली. पुलंना असं भांडायला कुणी नव्हतं. तालमीत 'ही मुलगी कुठली?' असा प्रश्न दिग्दर्शकाने लेखकाला विचारायचा असतो. इथे विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच खुर्चीत होते.

पुलंच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांचा प्रेक्षक ठरलेला होता. गिरगाव-दादरच्या जागा अपुऱ्या पडल्यावर जो मराठी नोकरदार डोंबिवली-ठाण्याला राहायला गेला, तोच पुढे १९७८ मध्ये उघडलेल्या गडकरी रंगायतनात रांग लावू लागला. हा प्रेक्षक मंजुळेवर मनापासून प्रेम करतो. तिच्या स्वगताला टाळ्या वाजवतो. आणि मध्यंतरात बाहेर येऊन रिक्षावाल्याच्या बोलण्याची नक्कल करतो. मी हे कल्याणच्या अत्रे रंगमंदिराच्या पायऱ्यांवर पाहिलंय. पुनरुज्जीवित प्रयोग होता. बटाटेवड्याच्या रांगेत माझ्या पुढे उभे असलेले गृहस्थ बायकोला सांगत होते, "आपल्या कामवालीला दाखवायला पाहिजे हे." त्यांना त्यात काही गंमत वाटत होती की कळवळा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कॉलेजात मी हा प्रश्न प्रत्यक्ष विचारून पाहिला. आमच्या ग्रुपने एका स्पर्धेसाठी 'फुलराणी'तला प्रवेश घेतला होता. मी म्हटलं, मी मंजुळा आगरीत करते. आपण डोंबिवलीत आहोत, स्टेशनाबाहेर फुलांचे वाटे घेऊन बसलेल्या बायकांतल्या कित्येक आगरी आहेत, तर मग ती आगरी का नसावी? दिग्दर्शक दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कॉमेडी होईल गं. आगरी म्हटलं की लोक हसतात." मी म्हटलं, लोक मंजुळेला हसतात तेव्हा चालतं ना. ते म्हणाले, "ते वेगळं." वेगळं होतंच. नाटकातल्या अशुद्ध भाषेला हसता हसता प्रेक्षक रडू शकतो, कारण ती भाषा त्याच्या शेजारी राहत नाही. आगरी भाषा त्याच्या शेजारी राहते. त्याच्या बिल्डिंगची जमीन कधीकाळी तिचीच होती.

गंमत म्हणजे २०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते, तेव्हा यजमान संस्था होती आगरी युथ फोरम. डोंबिवलीचे लेखक म्हणून साहित्यनगरीला पु. भा. भावे यांचं नाव दिलं होतं. मराठी साहित्याच्या सगळ्यात मोठ्या मांडवाचा खर्च, खुर्च्या, जेवणं आगरी लोकांनी बघितली. माझा चुलतभाऊ स्वयंसेवक होता. तीन दिवस गळ्यात बिल्ला घालून उभा. घरी आल्यावर म्हणाला, लोक विचारत होते पार्किंग कुठे, टॉयलेट कुठे. साहित्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. मी विचारलं, तू काय भाषेत सांगत होतास? म्हणाला, "शुद्ध."

पुलंवर अन्याय व्हायला नको म्हणून 'फुलराणी'च्या पुढचे पुलं बघायला हवेत. आणीबाणी आली, गेली. विनोदी लेखक म्हणून सगळ्यांचा लाडका असलेला हा माणूस १९७७ मध्ये जाहीर सभांतून इंदिरा सरकारविरुद्ध बोलला. पाठोपाठ १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' आला. मूळ ब्रेख्तचं १९२८ चं 'थ्रीपेनी ऑपेरा', त्याचं मूळ जॉन गेचं १७२८ चं 'बेगर्स ऑपेरा'. या वेळी दिग्दर्शन त्यांनी स्वतः केलं नाही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने केलं, जब्बार पटेल दिग्दर्शक, नंदू भेंडे अंकुशच्या भूमिकेत, रॉक आणि लावणी शेजारीशेजारी. दुसऱ्याच्या हातात संहिता दिल्यावर पुलंची भाषा कशी मोकळी होते ते इथे दिसतं. चोर, भिकारी, वेश्या, पोलीस यांची भाषा सुधारण्याचं काम नाटकात कुणीही अंगावर घेत नाही. ती भाषाच नाटक चालवते आणि साहेबलोकांची भाषा तिच्यासमोर उघडी पडते. 'फुलराणी'त जो माणूस बोलीला शुद्ध भाषेच्या शाळेत बसवत होता, त्यानेच तीन वर्षांत शाळेचं छप्पर उडवून दिलं. मला 'तमाशा' हे 'फुलराणी'ला पुलंनी स्वतःच दिलेलं उत्तर वाटतं. पण लोकांच्या स्मरणात 'फुलराणी' राहिली. 'तमाशा'तली गाणी काही जुन्या मंडळींना पाठ आहेत, एवढंच.

१९७९ मध्ये त्यांनी सोफोक्लीस घेतला. इथे रूपांतर नाही, घर शोधणं नाही. नाटक थीब्जमध्येच राहतं. आणि शीर्षक बघा, 'राजा ओयदिपौस'. इंग्रजीतून आलेला ईडिपस त्यांनी नाकारला आणि ग्रीकांच्या उच्चाराकडे गेले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परक्या राजाचं नाव त्याच्या माणसांनी उच्चारलं तसंच उच्चारायचा आग्रह धरणारा हा कान. याच कानाने मंजुळेला तिच्या माणसांचा उच्चार दिला नाही, हे मला त्यामुळेच जास्त लागतं.

शेवटी शेवटी त्यांनी दोझोर्त्सेव या सोव्हिएत नाटककाराचं एक नाटक मराठीत आणलं, 'एक झुंज वाऱ्याशी'. एक साधा माणूस थेट मंत्र्याच्या खोलीत जातो आणि त्याचा राजीनामा मागतो. बस, एवढंच. हसू जवळजवळ नाही. पुलंचं आहे असं न सांगता वाचायला दिलं तर ओळखू येणार नाही. मला ते आवडतं, पण तो वेगळा विषय.

२०२३ मध्ये 'फुलराणी' नावाचा सिनेमा आला, शॉच्या त्याच कथेवरून. त्यात सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर होते. नायिका शेवंता तांडेल, कोळीवाड्यातली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी मंजुळेला पत्ता मिळाला. मी पहिल्या आठवड्यात पाहायला गेले, कल्याणला, आजीला घेऊन. आजीला सिनेमा बरा वाटला. येताना रिक्षात म्हणाली, "आपल्यासारखी बोलते, पन आपली नाय." मला हे पटलं. नुसता पत्ता देऊन भागत नाही. सिनेमातली कोळी भाषा चव आणण्यासाठी वरून भुरभुरलेली आहे. शेवंता चिडते, लाजते, भांडते तेव्हा ती भाषा असते. ती विचार करते तेव्हा मात्र प्रमाण भाषेत करते. याबाबतीत पुलंची मंजुळा खरं तर वरचढ आहे. तिची बोली खोटी असेल, पण ती त्या बोलीत विचार करते. स्वगतात ती प्रोफेसरला कशी शिक्षा देईन याचं जे चित्र रंगवते, ते पूर्ण तिच्या डोक्यातलं आहे, तिच्या शब्दांतलं आहे. म्हणून तर इतक्या मुलींना ते स्वतःचं वाटलं. मलाही.

गेल्या वर्षीपासून आम्ही सात-आठ जण 'पिग्मॅलियन' थेट शॉवरून आगरीत आणतोय. प्रयोग वगैरे ठरलेलं नाही, नुसतं वाचन. पुलंची संहिता शेजारी उघडी असते, कारण अडलं की त्यांनी काय केलं ते बघावंच लागतं आणि दहापैकी सहा वेळा त्यांनी केलंय त्याहून चांगलं सुचत नाही. पण एका ठिकाणी आमची गाडी त्यांच्यापेक्षा वेगळ्या रुळावर गेली. ते ठिकाण म्हणजे एलायझाचा बाप. शॉच्या नाटकात कचरा उचलणारा डूलिटल अचानक श्रीमंत होतो. एक अमेरिकन त्याच्या नावे वर्षाला ३ हजार पौंड ठेवून मरतो आणि बिचाऱ्याला सुटाबुटात, सभ्य माणसांसारखं जगावं लागतं. लंडनच्या प्रेक्षकाला हा चमत्कार होता. कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांत हा चमत्कार नाही. इथे शेती आणि मिठागरं केलेल्या माणसाची जमीन बिल्डरने घेतली आणि तो एका वर्षात सुटात आला. कुणाला भरपूर मिळालं, कुणी कवडीमोलाने दिलं, कुणाचे भावाभावांत खटले चालू आहेत. पण पैसा आला तरी भाषा जागची हलली नाही. शॉला वाटलं होतं उच्चार बदलला की वर्ग बदलतो. आमच्याकडे वर्ग बदलला आणि उच्चार तिथेच राहिला, आणि हसणं काही थांबलं नाही. आमची मंजुळा फुलं विकत नाही. तिच्या बापाच्या दोन बिल्डिंगी आहेत आणि तरीही ती जहागीरदारांच्या क्लासला जाते. हे सुचलं त्या दिवशी आम्ही रात्री दीडपर्यंत बसलो होतो.

वाचन काकांच्या घरी चालतं, खालच्या मोठ्या खोलीत. काका पांढरा शर्ट घालून झोपाळ्यावर बसतात आणि मोबाइल बघत असल्याचं दाखवतात. बापाच्या प्रवेशाला ते मोठ्याने हसले. दोन वेळा मध्येच शब्द सुधारून दिला, "असा नाय बोलत कोन." मग प्रोफेसर मंजुळेची नक्कल करतो तो भाग आला. ते उठून आत गेले. चहा झाल्यावर बाहेर आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या मास्तराला तिची भाषा येते कं?" मी म्हटलं, येते की, तो सगळ्यांच्या नकला करतो. "नक्कल नाय. बोलाया येते कं?"

आम्ही शॉ चाळला, पुलं चाळले. तो पूर्ण नाटकभर तिच्याशी तिच्या भाषेत एकही वाक्य गंभीरपणे बोलत नाही. दोन्हीकडे नाही.

दुसऱ्या अंकाचं वाचन पुढच्या रविवारी आहे. जहागीरदार कुणी करायचा ते अजून ठरत नाहीये. आमच्यात प्रमाण मराठी सफाईने बोलणारा एकच मुलगा आहे आणि तो हटून बसलाय की मी बापच करणार.